खिडकीतून पोरीला कोणी टाकलं

आमच्या घरात दोन वर्षांपासून एकच खटला चालू आहे. आरोपी दोन, साक्षीदार एक, आणि न्यायाधीश व्हायला कोणी तयार नाही. आरोपींपैकी एक मी, दुसरी माझी मोठी जाऊ. साक्षीदार म्हणजे जाऊची मुलगी, जी यंदा तिसरी पास झाली. खटला एवढाच, की त्या दिवशी यवतमाळच्या बसस्टँडवर त्या पोरीला खिडकीतून बसमध्ये कोणी टाकलं.

ज्यांना लग्नसराईत लाल बसनं कुठं जावं लागलेलं नाही, त्यांना लेकरू खिडकीतून टाकतात हेच खरं वाटणार नाही. आमच्याकडे बस फलाटाला लागायच्या आधीच भरते. दारातून चढणं हा भोळ्या माणसांचा मार्ग. जाणती माणसं बसच्या बाजूनं पळतात आणि खिडकीतून दुपट्टा टाकतात, पिशवी टाकतात, टोपी टाकतात. ज्या सीटवर ते पडेल ती सीट त्यांची. पण दुपट्टा कोणीही निर्लज्ज माणूस उचलून बाजूला ठेवतो. लेकराला तसं बाजूला ठेवता येत नाही. म्हणून ज्यांच्याजवळ अंगानं बारकं लेकरू असतं ते लेकरूच आत सोडतात आणि खालून ओरडून सांगतात, सीट धर, कोणी काही म्हटलं तरी उठू नको. मी लहानपणी अशीच आत गेलेली आहे. जाऊही गेलेली आहे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या दिवशी आम्ही उमरखेडला निघालो होतो. जाऊच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. दोघे भाऊ, म्हणजे तिचा नवरा आणि माझा, मोटारसायकलनं सकाळीच पुढं गेले होते, आणि या सगळ्या भानगडीतून ते जे सुटले ते त्यामुळेच. मागं आम्ही दोघी, पोरगी आणि सामान. ऊन असं की फलाटाची फरशी चपलेतून चटका देत होती. एक बस वळून आत आली आणि गर्दीतलं कोणीतरी ओरडलं, "उमरखेड, उमरखेड." सगळे पळाले. पाटी कोणीच वाचली नाही. पोरगी खिडकीतून आत गेली. आम्ही दाराकडे वळलो आणि दारातल्या रेटारेटीत असताना तेच कोणीतरी, की दुसरं कोणीतरी, ओरडलं, "ही घाटंजीची हाय बाप्पा, उमरखेडची मांगं लागली."

गर्दी जशी आली तशीच उलटी फिरली, आणि आम्ही दोघी तिच्यासोबत वाहून गेलो. आपल्या मर्जीनं वळायला जागा नव्हती. मी बाहेर पडून पाहिलं तेव्हा घाटंजीची बस स्टँडच्या फाटकातून निघत होती.

पुढचा तास मी सांगत नाही. स्टँडच्या कंट्रोल रूमच्या खिडकीपाशी आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो, आणि आतल्या साहेबाला दोन पोरी हरवल्या असं वाटलं, एवढं सांगितलं तरी पुरे. कंडक्टर भला माणूस होता. तिकीट फाडत मागं आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं समोरून येणाऱ्या बसमध्ये पोरीला एका बाईच्या मांडीवर बसवून परत पाठवलं. पोरगी बसमधून उतरली तेव्हा ती रडत नव्हती. आईकडे पाहून ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "आई, मी कोनालेच बसू नाही देल्लं."

जाऊनं खाली बसून पोरीचे हातपाय चाचपले. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कायले टाकलं तू तिले आत?"

मी टाकलं? मला आधी वाटलं, बाई घाबरलेली आहे, बोलू द्यावं. पण माझ्या डोळ्यांसमोर तर स्वच्छ होतं. पोरीच्या काखेत गेलेले दोन हात, त्या हातांत हिरव्या बांगड्या, आणि पोरीला वर उचलताना एक बांगडी खिडकीच्या पत्र्याला लागून टिचल्याचा आवाज. माझ्या हातात त्या दिवशी सामान होतं. मी म्हटलं, "ताई, तुमीच उचललं तिले."

"खोटं नको बोलू. तुया घड्याळाचा पट्टा अडकला तिच्या केसात. मी पाह्यलं ना."

असं ते सुरू झालं. त्याच अवस्थेत आम्ही पुढची बस धरून उमरखेडला गेलो, लग्न लावलं, जेवलो, आणि एकमेकींशी न बोलता परत आलो.

माझं काम संशयाचं आहे, हे इथं सांगितलं पाहिजे. मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये आहे. नळीवरचं नाव मी वाचते, मग पेशंटला त्याचं नाव विचारते, मग पुन्हा नळी वाचते. आकडा विचित्र आला तर आधी पेशंटवर नाही, नळीवर शंका घ्यायची हे आम्हाला शिकवलेलं असतं. घरात मात्र मी नळी सोडून थेट माणसावरच शंका घेत होते. जाऊ मुद्दाम खोटं बोलते, कारण तिच्या माहेरच्या लोकांसमोर तिला पोरगी हरवणारी आई व्हायचं नाही, हे मी मनात पक्कं करून टाकलं. ती माझ्याबद्दल काय पक्कं करून बसली होती ते मला शेजारणीकडून कळलं. माझा मुलगा अमरावतीला होस्टेलला असतो, घर मला खायला उठतं, म्हणून मी तिच्या पोरीवर हक्क सांगते आणि निस्तरायची वेळ आली की हात झटकते. सासरच्या भांडणात शेजारीण ही पोस्टमनसारखी असते, काही हरवू देत नाही.

यवतमाळच्या लोहारा भागातल्या आमच्या घरात जाऊचं कुटुंब खाली राहतं, आम्ही वर. मधला जिना आतूनच आहे. पोरगी रोज दुपारी शाळेतून आली की दप्तर खाली फेकायची आणि वर माझ्याकडे यायची. मी सकाळी लवकर जाते, दुपारी घरी असते. माझ्या हातचा कच्चा चिवडा खात ती पाढे म्हणायची, कविता म्हणायची, शाळेत कोणी कोणाला मारलं ते सांगायची. जाऊ खाली ब्लाउज शिवते, तिला दुपारी सवड नसते. लग्नाहून आल्यावर जिन्याचं दार बंद होईल अशी माझी खात्री होती. तसं झालं नाही. पोरगी येत राहिली. मला याचंही नवल वाटलं आणि नवलापाठोपाठ शंका आली, की हिला आईनं काही काढून घ्यायला पाठवलं नसेल ना.

दुसरीत गेल्यावर पोरगी विसरू लागली. घरी चिवडा खाताना सातचा पाढा घडाघडा म्हणणारी पोरगी शाळेत फळ्यापाशी उभी केली की गप्प. बाईंनी विचारलं, सात चोक? हिला सात आठवेना की चार आठवेना. कविता अर्धी झाली की थांबायची आणि दाराकडे पाहायची. डबा शाळेत, पट्टी बसायच्या जागेवर, एक चप्पल तर कुठं राहिली ते आजतागायत कळलेलं नाही. बाईंनी जाऊला बोलावून सांगितलं की मुलीचं लक्ष नाही. जाऊनं घरी येऊन सांगितलं की बाईंचंच लक्ष नाही. मला दोन्ही पटलं नाही. मला वाटलं, पोरगी सोंग करते. खाली आईपाशी काही, वर माझ्यापाशी काही आणि शाळेत तिसरंच, असं तिला कोणीतरी शिकवलेलं आहे.

कोण शिकवतं तेही मी पकडलं. एका संध्याकाळी मी कपडे घेऊन जिना उतरत होते. खाली शिलाई मशीन थांबलं आणि जाऊचा आवाज आला.

"सांग मा, कोनं टाकलं होतं तुले?"

"काकूनं."

"अन् काय अडकलं होतं केसात?"

"घड्याळाचा पट्टा."

मग मशीन पुन्हा सुरू झालं. मी तशीच वर परतले. हातातले कपडे पुन्हा दोरीवर टाकले, जे आधीच वाळलेले होते.  सख्ख्या लेकराला बसवून खोटी साक्ष पाठ करून घेते ही बाई!

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी वर आली. मी चिवड्यात जास्तीचे शेंगदाणे घातले. मी काही पढवणार नव्हते. मला फक्त खरं काय ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"त्या दिवशी आईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या ना व?" मी विचारलं.

तिनं शेंगदाणा चावला. "हो."

"एक फुटली ना, तुले उचलताना?"

"हो. खट् करून."

खट्. तो शब्द मी तिला सांगितला नव्हता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आता आईनं कितीही शिकवलं तरी खरं ते पोरीच्या आत शाबूत आहे, असं मी रात्री नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "तुमी दोघी त्या पोट्टीले सोडा आता." त्याचं मी ऐकलं नाही. नवऱ्याचं ऐकायचं नाही असं काही नाही, पण तो कोणाच्या बाजूनं आहे हे मला कळत नव्हतं. मग अधूनमधून मी बांगड्या आठवणीत आहेत ना एवढं पाहून घ्यायची. रोज नाही. पण खाली मशीन थांबल्याचं ऐकू आलं की दुसऱ्या दिवशी मात्र नक्की.

मध्येच एकदा लॅबमधून येताना मी बसस्टँडवर उतरले. त्या फलाटाच्या खांबापाशी फुटाणे विकणारी एक म्हातारी असते, ती त्या दिवशीही होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "पोट्ट्या तं रोजच आत जाते बाई. पन थे ध्यानात हाय माया. टोपीवाल्या एका बुढ्यानं उचलून देल्ली तिले. तुमच्या दोघीचे हात कुठी पुरते." मी विचारलं, पोरीचा फ्रॉक कोणत्या रंगाचा होता? म्हणाली पिवळा. फ्रॉक लाल होता. मी फुटाणे घेतले आणि निघाले. वाटेत असंही मनात येऊन गेलं, की हिला माझ्या जाऊनं आधीच गाठलेलं नसेल ना. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं.

तिसरीच्या सहामाहीत पोरगी पेपरावर नुसतं नाव लिहून घरी आली. जाऊ रडली आणि मग तिनं तिला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. डॉक्टरांचे नमुने आमच्याच लॅबमध्ये येतात, म्हणून मीही निघाले. खरं म्हणजे जाऊ तिथं माझ्याबद्दल काय सांगते ते मला ऐकायचं होतं. तिनंही मला नको म्हटलं नाही. रिपोर्ट माझ्या हातात पडणार, तेव्हा मी डोळ्यांसमोर असलेली बरी, असं तिला वाटलं असेल. रिक्षात पोरीला मधे बसवून आम्ही एकमेकींवर पहारा देत गेलो.

डॉक्टरांनी पोरीला आधी तिच्या मैत्रिणींबद्दल विचारलं, मग आवडतं काय, मग झोप कशी लागते. ती छान बोलत होती. तेवढ्यात जाऊचा फोन वाजला आणि ती दाराबाहेर गेली. बसची गोष्ट जाऊनं त्यांना आत येताच थोडक्यात सांगितली होती. डॉक्टर सहज म्हणाले, "तू एकदा एकटीच बसमधून गेली होतीस म्हणे. तू तर शूर आहेस. आत कशी बसलीस?"

पोरीनं आधी दाराकडे पाहिलं. मग खोलीत कोण कोण आहे ते पाहिलं. मी होते. ती म्हणाली, "आईनं टाकलं खिडकीतून. आईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. एक फुटली खट् करून."

मी डॉक्टरांकडे विजयानं पाहिलं असणार. पण दार उघडंच होतं आणि जाऊ त्यात उभी होती. तिनं फोन खाली घेतला.

"हिरव्या?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून मला भीती वाटली. "हिरव्या कोठून आल्या? हिरवा चुडा तं उमरखेडले भरला आपन. मांडवात कासारीन बसली होती. तू मायाजवळच बसली होती ना व, हात पुढं करून."

 ते मला आठवलं. लग्नघरी सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरतात तशा आम्हालाही भरल्या होत्या, संध्याकाळी. आम्ही दोघी एकाच सतरंजीवर, एकमेकींशी अबोला धरून बसलो होतो. पोरगी पाठीशीच उभी होती. कासारणीनं जाऊचा हात दाबला तेव्हा एक बांगडी तिच्या मनगटावर फुटली. खट् करून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि कासारीण म्हणाली होती, एवढ्यानं काय रडता बाई.

म्हणजे बसस्टँडवर जाऊच्या हातात हिरव्या बांगड्या नव्हत्याच. भांडणाच्या पहिल्या घटकेलाच त्या मला स्वच्छ दिसल्या होत्या, ही माझी आठवणही नंतरचीच असणार. आणि नसलेल्या बांगड्या पोरीला आठवत होत्या.

पोरगी जाऊकडे पाहत होती, मग माझ्याकडे. "काकूनं..." ती म्हणाली आणि थांबली. तिचं तोंड उघडं राहिलं. शाळेत फळ्यापाशी ती अशीच दिसत असेल, हे मला तेव्हा कळलं. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं, कारण माझ्यासमोर ती कधी अडलीच नव्हती. मला जे हवं ते ती देत होती.

डॉक्टरांनी तिला बाहेरच्या काचेच्या टाकीतले मासे पाहायला पाठवलं. मग ते आमच्याशी बोलले. माणूस घाबरला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात रसायनं सोडतात, ती अंगाला पळायला बळ देतात आणि मेंदूला सांगतात की हे लक्षात ठेव. त्यामुळे ऐन भीतीची गोष्ट पक्की बसते. तिच्या कडेचं, म्हणजे कोण कुठं उभं होतं, कोणाच्या हातात काय होतं, ते बरेचदा नीट नोंदलंच जात नाही. मोठी माणसं त्या रिकाम्या जागा नंतर भरून काढतात, दुसरीकडचं उचलून इथं लावतात, आणि मग शपथेवर सांगतात. "तुम्ही दोघीही खोटं बोलत नाही," ते म्हणाले. मला हे मुळीच आवडलं नाही. दोघींतली एक तरी खोटं बोलत असती तर बरं झालं असतं.

"आणि पोरीचं?" जाऊनं विचारलं.

"एका दिवसाच्या भीतीनं मूल असं होईलच असं नाही. तशी भीती बहुतेक मुलं विसरून खेळायला लागतात. रोज थोडी थोडी असली तर मात्र तेच रसायन शिकण्याच्या आड येतं. शिकलेलं आत असतं, पण कोणी समोर उभं राहून विचारलं की ते बाहेर निघत नाही. घरात तिला रोज कसली भीती आहे का?"

जाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होतेच.

मला त्यांचंही सगळं खरं वाटलं नाही. ते रसायन माझ्या ओळखीचं आहे. कॉर्टिसॉल. सकाळी आठच्या सुमारास नमुना घ्यायचा, कारण दिवस चढतो तसं ते उतरत जातं. आजवर ते माझ्यासाठी नळीवरचं एक नाव होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मग तपासूनच पाहू ना. मी उद्या सकाळी घरीच नमुना घेते." मला कागदावर आकडा हवा होता. आकडा आला की खाली भीती जास्त आहे की वर, ते कसंही करून त्यातून काढता येईल असं मला वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सुई घेऊन समोर बसलात की वाढेलच तो. त्यातून काय कळणार? त्यापेक्षा तिला त्या दिवसाबद्दल विचारणं बंद करा. दोघींनीही."

आम्ही दोघींनी हो म्हटलं, आणि दोघींनीही दुसरीवर विश्वास ठेवला नाही. मी बांगड्यांबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. मी फक्त एवढंच विचारायची, की आई अजून विचारते का व तुले? पोरगी नाही म्हणायची. थोड्या दिवसांनी तिनंच सांगितलं, "आई पन हेच इचारते. काकू इचारते का म्हनून." त्यानंतर मी तेही सोडलं. खाली मशीन थांबलं की मी रेडिओ मोठा करायची.

पोरगी थोडी सुधारली. फळ्यापाशी अजून अडते, पण बाईंनी तिला जागेवर बसूनच म्हणायला सांगितलं तेव्हा सातचा पाढा पूर्ण म्हणाली. तिसरीचं वर्ष निघालं. मी मात्र सुधारले नाही. बांगड्या खोट्या आहेत हे मला पुराव्यासकट माहीत आहे. पण डोळे मिटले की आजही बसची खिडकी दिसते, पोरीच्या काखेत गेलेले हात दिसतात आणि त्या हातांत हिरव्याच बांगड्या असतात. मी कितीही वेळा काढल्या तरी त्या पुन्हा तिथंच येतात. मग वाटतं, बांगड्या चुकल्या असतील, हात तर तिचेच होते ना? की घड्याळ होतं? की टोपीवाला कोणी म्हातारा? आता मला माझ्या मुलाच्या बारशाच्या आठवणीवरही भरवसा वाटत नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा उमरखेडला जायचा योग आला. लग्न झालेल्या त्याच भाचीच्या बाळाचं बारसं. पुन्हा दोघे भाऊ पुढं गेलेले, पुन्हा आम्ही दोघी, पोरगी आणि सामान. तोच फलाट. फुटाण्यांची म्हातारी खांबापाशी होती, मी तिच्याकडे पाहिलं नाही. पोरीचा एक हात जाऊनं धरला होता, एक मी. सोडायला कोणीच तयार नव्हतं, त्यामुळे खाली पडलेली पिशवी तशीच पडून होती.

शेजारच्या फलाटावर एक रिकामी बस उभी होती. पोरगी तिच्या खिडकीकडे बराच वेळ पाहत राहिली. कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"मीच चढली होती," ती म्हणाली. "मले कोनीच नाही टाकलं. मी सोताच चढली होती खिडकीतून."

आम्ही दोघींनी त्या बसकडे पाहिलं. खिडकीची कड माझ्या डोक्याच्या वर होती. जाऊ माझ्याहून बुटकी आहे. पहिलीतलं लेकरू तिथं स्वतः चढणं म्हणजे कोंबडीनं झाडाच्या शेंड्यावर बसणं. हे सगळं तिघींनाही दिसत होतं. पोरीनं ते ठरवून आणलं होतं, बहुतेक पुष्कळ दिवसांपासून, आणि आमच्या दोघींच्या मधे उभी राहून, दोघींना चालेल असं एकच उत्तर तिनं काढलं होतं.

"नाही व माय," जाऊ म्हणाली.  "तू नाही चढली."

"नाही, तू नाही चढली," मीही म्हटलं.

"मंग कोनं टाकलं?"

आता उत्तर द्यायची पाळी आमची होती. माझ्या डोळ्यांपुढे हिरव्या बांगड्या होत्या. जाऊच्या डोळ्यांपुढे घड्याळाचा पट्टा असणार, मला खात्री आहे. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मले आठवत नाही," जाऊ म्हणाली.

"मले पन नाही आठवत," मी म्हणाले.

पोरीनं आधी आईचं तोंड नीट निरखलं, मग माझं. दोन वर्षं आम्ही एकमेकींकडे जशा पाहत होतो, अगदी तशीच ती पाहत होती. तिचा विश्वास बसला नव्हता. मग तिनं आमचे दोन्ही हात थोडे दाबले आणि हळूच विचारलं, "तुमाले कोनाचं भेव वाटते?"

उमरखेडची बस वळून आत आली. गर्दी पळाली. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.